श्रोत्याने काय केलं

चिठ्ठीमास्तरांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. एकेचाळीस वर्षं ज्याने कोशाच्या कचेरीत बसून चिठ्ठ्या लिहिल्या, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? बरं, मास्तरांनी आयुष्यात एका पोराला शिकवलेलं नाही. पण कोणी जरा वेगळं बोललं की यांचा हात खिशात जायचा, खिशातून कोरी चिठ्ठी निघायची आणि तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, वाक्य उतरवून व्हायचं. न्हावी वस्तरा हातात धरून थांबलेला असायचा आणि हे साबण लावलेल्या तोंडाने लिहीत असायचे. नवख्या माणसाला वाटायचं, पोलिसातले आहेत की काय.

कोश समानार्थी शब्दांचा होता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, असून नसल्यासारखी लिफ्ट, आणि भिंतीभर लाकडी पेट्या. पेट्यांत पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या जाड चिठ्ठ्या. पुढच्या बाजूला शब्द, वाक्य, बोलणाऱ्याचं वय, धंदा, जागा, तारीख. आणि मागच्या बाजूला एकच ओळ: श्रोत्याने काय केलं.

ही मागची ओळ म्हणजे थोरल्या संपादकांचं डोकं. थोरले जाऊन आता पंधरा वर्षं झाली, पण त्यांचा धाक अजून त्या खोल्यांत होता. माणूस भला, पण जमदग्नीचा अवतार. त्यांचे नियम तीन. पहिला, वाक्य ऐकायचं, रचायचं नाही. डोकं चालवायचं असेल तर कादंबऱ्या लिहा, इथे येऊ नका. दुसरा, मागची बाजू कोरी ठेवायची नाही. कारण एकाच शब्दाला दोन तोंडं असतात आणि नुसत्या वाक्यावरून कोणतं तोंड बोलतंय ते कळत नाही.

आता ‘सोडणे’ हाच शब्द घ्या. कोणी नोकरी सोडतं, कोणी सिगारेट सोडतं, कोणी हट्ट सोडत नाही. इथपर्यंत सरळ आहे: सोडणे म्हणजे टाकणे, त्यागणे, पाठ फिरवणे. पण आजोबा नातवाला शाळेत सोडतात तेव्हा काय त्याला टाकून येतात? तिथे सोडणे म्हणजे बरोबर जाणे, पोचवणे, पोर फाटकातून आत गेलेलं बघून मग वळणे. आणि ‘त्याने बायकोला माहेरी सोडलं’ याचं काय करणार? आठ दिवसांनी तो तिला आणायला गेला की नाही, हे कळल्याशिवाय ब्रह्मदेवालाही अर्थ लागायचा नाही. म्हणून थोरले म्हणायचे, बोलणारा अर्धंच बोलतो, उरलेला अर्थ ऐकणाऱ्याच्या वागण्यात असतो.

तिसरा नियम सगळ्यांत कडक. एक चिठ्ठी खोटी निघाली की ती ज्या पेटीतली, ती सगळी पेटी बाद. एका नासक्या आंब्याने आढी जाते, तसं. एकेचाळीस वर्षांत दोन माणसांच्या पेट्या अशा गेल्या होत्या आणि दोघांनीही नंतर कचेरीत तोंड दाखवलं नव्हतं. मास्तरांच्या सहा पेट्या होत्या. त्यांतल्या एकीवरही कधी शंका निघाली नाही. निवृत्त होऊन बारा वर्षं झाल्यावर दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांना घरून बोलावून घेतलं, ते याच लौकिकापायी. एकाहत्तराव्या वर्षी रोज तीन मजले चढायचे म्हणजे गंमत नाही, पण मास्तर चढायचे. घरी तरी कोण वाट बघत होतं?

घरी दोन खोल्या, एक पलंग, एक टेबल आणि स्वयंपाकघरात एका माणसापुरती भांडी. बायकोला जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगी पाच तासांच्या अंतरावरच्या शहरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता तिचा फोन यायचा. औषधं घेता ना? हो. जेवण होतंय ना नीट? हो. पडलाबिडला नाहीत ना? नाही. काळजी घ्या. तीन मिनिटांत काम फत्ते. गेली सहा वर्षं ती घरी आली नव्हती, आणि का आली नव्हती हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

सहा पेट्यांपैकी एकीवर ‘घर’ असं लिहिलं होतं. तिच्यात तीनशे बारा चिठ्ठ्या होत्या. तीनशे अकरा बायकोच्या तोंडच्या. ती बाई बोलायची तर काय बोलायची! साधं दूध उतू गेलं तरी तिच्या तोंडून असं वाक्य निघायचं की थोरले संपादक चिठ्ठी वाचून मान डोलवायचे. एकच चिठ्ठी मुलीची होती. मुलीला घरात ठमी म्हणायचे. ठमी घरात फारशी बोलायचीच नाही, आणि बोलायची तेव्हा मास्तर घरात नसायचे.

ती एक चिठ्ठी अठरा वर्षांपूर्वीची. ठमी एकोणीस वर्षांची होती, डोळे तपासायचं शिकायला पहिल्यांदाच घर सोडून निघाली होती. गाडी तीन दहाची. आईला दोन दिवस ताप, उठवत नव्हतं. मास्तर टेबलापाशी पेटी उघडून बसलेले, आणि त्यांच्यापुढे नेमका ‘सोडणे’ होता. टाकून जाणे या अर्थाची वाक्यं ढिगाने, पण पोचवणे या अर्थाचं बोलण्यातलं एकही मनाजोगतं वाक्य त्यांना तोवर मिळालं नव्हतं. आणि ठमी बॅग घेऊन टेबलाशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, मला स्टेशनवर सोडायला याल का?”

देवाने छप्पर फाडून द्यावं तसं झालं मास्तरांना. हात खिशात गेला. “थांब हं, एवढं होऊ दे, आलोच,” म्हणत त्यांनी वाक्य उतरवलं. तारीख घातली, वय घातलं. मग ते कुठे बसेल ते बघायला पुढच्या दहा चिठ्ठ्या काढल्या, त्या लावल्या, दोन अर्थांची अदलाबदल केली. मान वर केली तेव्हा पावणेपाच वाजले होते. खोलीत ठमी नव्हती, बॅग नव्हती. आतून आईने तापातच विचारलं, मिळाली का हो तिला गाडी? मास्तर म्हणाले, हं.

त्या संध्याकाळी ते चिठ्ठी पुढ्यात घेऊन बराच वेळ बसले. मागची बाजू कोरी होती. खरं लिहायचं तर ‘श्रोता गेला नाही’ एवढे तीनच शब्द. पण थोरले विचारणार, का हो, पोरगी एकटी गेली? आणि चारचौघांत विचारणार. मास्तरांना लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांनी डोकं चालवलं आणि लिहिलं: वडील सोबत गेले.

चिठ्ठी पास झाली. बारा वर्षांनी कोश छापून आला तेव्हा ते वाक्य पान सहाशे चारवर होतं. त्या आवृत्तीत पुढचीच बाजू छापली होती, मागची नाही. आता या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा: मास्तरांनी एक प्रत ठमीला पाठवली, पान सहाशे चारवर खूण घालून, तिच्या वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारून. त्यांना वाटलं, पोरीला अभिमान वाटेल. चार दिवसांनी फोन आला.

“छापलंत तुम्ही ते,” ठमी म्हणाली.

“अगं, उत्तम उदाहरण आहे,” मास्तर म्हणाले.

त्यानंतर ती घरी आली नाही. भांडण नाही, तंटा नाही, नुसती पहिल्या रविवारची तीन मिनिटं. मास्तरांना आपली चूक उमगायला फार दिवस लागले नाहीत. पण उमगणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. दर पहिल्या रविवारी साडेदहापासून ते फोनजवळ उभे राहायचे, आज बोलू म्हणून. अकरा वाजून तीन मिनिटांनी ते फोन ठेवायचे आणि पुन्हा महिनाभर मनातल्या मनात घोकत बसायचे.

अशातच एका मंगळवारी दुपारी संपादकबाईंनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बोलावलं. बाई नव्या दमाच्या, ठमीच्याच वयाच्या, कामाला वाघ. त्यांनी जाहीर केलं की दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक उदाहरणाखाली बारीक अक्षरांत मागची ओळही छापायची. इतका खजिना पेटीत पडून होता, वाचकांना का नको? सगळ्यांनी माना हलवल्या. मग नमुना म्हणून बाईंनी एक प्रूफ उचललं आणि मोठ्याने वाचलं. मास्तरांना पहिल्या शब्दालाच कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

“‘बाबा, मला स्टेशनवर सोडायला याल का?’ आणि खाली बघा: वडील सोबत गेले. किती छान वाटतं ना, मागची ओळ आली की?” बाई मास्तरांकडे वळल्या. “सर, तुमचीच मुलगी ना?”

मास्तर हो म्हणाले. प्रुफं वाचणारा हसून म्हणाला, नशीबवान आहे पोरगी. मास्तर त्यालाही हो म्हणाले. शुक्रवारी चार वाजता पानं छापखान्यात जाणार होती.

त्या दिवशी घरी आल्यावर मास्तरांनी कपडेसुद्धा बदलले नाहीत. नुसतं वाक्य छापलं तेव्हा पोरगी घरी यायची थांबली. आता त्याच्याखाली ‘वडील सोबत गेले’ असं छापलेलं तिने वाचलं, तर ती तीन मिनिटंही गेली. कोश तिच्या हाती पडणार नाही असं म्हणायची सोय नव्हती. तिच्या दुकानासमोरच वाचनालय होतं, हे तिनेच कधीतरी फोनवर सांगितलं होतं. त्या तीन मिनिटांवाचून मास्तरांच्या महिन्यात दुसरं होतं तरी काय? कचेरीबाहेर न्हावी आणि किराणावाला सोडले तर त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. कधीकधी शनिवारपासून सोमवारपर्यंत आपला आवाज आपणच ऐकलेला नाही, असं त्यांच्या ध्यानात यायचं, आणि मग ते उगाच खाकरून बघायचे.

मग त्यांना सुटकेची वाट दिसली. उदाहरण बदलायचं, झालं! हाय काय आणि नाय काय. दुसरं चांगलं वाक्य आणून द्यायचं आणि ठमीचं गुपचूप काढून टाकायचं. बुधवारी सकाळी ते जवळच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. सोडण्याची वाक्यं तिथे पैशाला पासरी. पण मास्तरांना रिकामं वाक्य नको होतं. अर्ध्या तासाने एक सहा वर्षांची पोर आजोबांचा हात धरून आली, आत जाता जाता वळली आणि म्हणाली, आजोबा, उद्यापण तुम्हीच सोडायला या. आजोबा बघू म्हणाले.

मास्तरांनी वाक्य टिपलं. आजोबा त्यांच्याकडे संशयाने बघत होते. तुमचं कोण आहे या शाळेत, त्यांनी विचारलं. कोणी नाही, मास्तर म्हणाले. मग इथे काय करता? मास्तरांनी सांगितलं, कोशाचं काम आहे. आजोबांना काही ते पटलं नाही. ते म्हणाले, अहो, घरी बसा ना या वयात, नातवंडं सांभाळा.

पण मागची ओळ अजून बाकी होती. ‘बघू’ म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशीच कळणार. म्हणून गुरुवारी मास्तर पुन्हा गेले, आजोबांना दिसू नये म्हणून समोरच्या औषधांच्या दुकानाआड उभे राहिले. आजोबा आले. पोरीची पाण्याची बाटली त्यांच्या गळ्यात होती. पोर आत गेली, दिसेनाशी झाली, तरी ते फाटकाची सळई धरून उभे होते. घंटा झाल्यावर हलले. मास्तरांनी मागे लिहिलं: दुसऱ्या दिवशीही आजोबा आले. लिहिताना अक्षर नीट येईना, म्हणून भिंतीला टेकून लिहिलं.

शुक्रवारी तीन वाजता त्यांनी चिठ्ठी संपादकबाईंपुढे ठेवली आणि उदाहरण बदलायचं आहे म्हणाले. बाईंनी वाचलं. चिठ्ठी सुरेख आहे म्हणाल्या, पण जुनी का काढायची? पान लागलेलं आहे, बदलाचं कारण लिहावं लागतं. त्यांनी छापील कागद पुढे केला. त्यावर कारणांचे तीन चौकोन होते: पुनरुक्ती, अस्पष्ट, खोटी. कागद थोरल्यांच्या वेळचाच, फक्त नव्याने छापलेला.

मास्तरांनी पेन उघडलं. ‘अस्पष्ट’वर एक खूण, की विषय संपला. बाई दुसऱ्या प्रुफात डोकं घालून बसल्या होत्या, कोणी बघत नव्हतं. ठमीचं वाक्य कोशातून जाणार, खोटी ओळ छापली जाणार नाही, पहिला रविवार शाबूत. आणि ‘घर’ पेटीही शाबूत. ती पेटी म्हणजे काय हे मास्तरांनाच माहीत. बायकोचा फोटो घरात एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातला, अर्धी बाई खांबाआड. आवाज कशावरच नाही. ती बाई होती, बोलायची, अमुक दिवशी अमुक म्हणाली, याचा जगात एवढाच पुरावा. त्यातली एकशे दोन वाक्यं कोशात होती, नाव नसलं तरी होती. ‘खोटी’वर खूण केली की ती सगळी पुसली जाणार.

पेन ‘अस्पष्ट’वर टेकलं आणि मास्तरांच्या डोळ्यांसमोर टेबलाशेजारी उभी असलेली ठमी आली. बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. यात अस्पष्ट काय होतं? इतकं स्वच्छ वाक्य त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पोरगी बोलली ते स्पष्ट होतं, त्यांनी केलं तेही स्पष्ट होतं. आता तिच्या वाक्यालाच दोष देऊन सुटायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी! मास्तरांना स्वतःचा इतका राग आला की कानशिलं तापली. त्यांनी ‘खोटी’च्या चौकोनात खूण केली, खाली सही केली आणि कागद बाईंकडे सरकवला.

बाईंनी वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला. “सर, तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ? सगळी पेटी जाईल.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “अस्पष्ट लिहा. मी काही विचारणार नाही.”

“मी गेलो नव्हतो,” मास्तर म्हणाले. “ती एकटी गेली. मागची ओळ मी रचली.”

बाईंनी कागद पुन्हा वाचला. त्यांना नियम मोडता आला असता, पण त्याही थोरल्यांच्याच गादीवर बसल्या होत्या. त्यांनी एकशे दोन जागांची यादी काढायला सांगितली, छापखान्याला फोन करून सोमवारपर्यंत मुदत मागितली. प्रुफं वाचणारा मान खाली घालून होता. पेटी कपाटातून काढून देताना बाई एवढंच म्हणाल्या की इथे ठेवता येणार नाही, पण टाकूनही देववत नाही, तुम्ही घरी न्या. आणि सोमवारी या, सर, कामाला. मास्तर हो म्हणाले, पण येऊ की नाही हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

पेटी कापडी पिशवीत घालून, दर मजल्यावर टेकत टेकत ते खाली उतरले. घरी पोचेपर्यंत पाच वाजले. पेटी टेबलावर ठेवली, पाणी प्यायले आणि आपण काय करतोय याचा विचार करायच्या आत त्यांनी फोन लावला.

“काय झालं?” ठमीने घाबरूनच विचारलं. “पडलात का?”

मास्तर म्हणाले, नाही गं, पडलो नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं. तिने कोणाला तरी दोन मिनिटं बसायला सांगितलं, दाराचा आवाज झाला. मास्तरांनी सहा वर्षं घोकलेलं काही त्यांना आठवलं नाही. त्यांनी आपलं सरळ सांगितलं: चिठ्ठीच्या मागे काय लिहायचं असतं, त्यांनी काय लिहिलं होतं, आता ते छापलं जाणार होतं, आणि आज त्यांनी कागदावर कसली खूण केली. ठमीने एकदाही हं म्हटलं नाही. सांगून संपल्यावर त्यांना वाटलं, फोन तुटलाच.

“मी स्टेशनवर तुमची वाट बघत दोन गाड्या सोडल्या त्या दिवशी,” ती शेवटी म्हणाली. “आलोच म्हणाला होतात. तीन दहाची गेली, साडेचारची गेली. सहाच्या गाडीत जागा नव्हती, दारात उभी राहून गेले.”

मास्तरांनी अठरा वर्षांत कधी विचारलंच नव्हतं, प्रवास कसा झाला. आता विचारून काय उपयोग, असं वाटूनही त्यांनी विचारलं, रात्री किती वाजता पोचलीस? ठमी म्हणाली, अकरा. वसतिगृहाचं फाटक बंद झालं होतं. मग कोणी उघडलं? शिपायाने. रागावला का? नाही, चांगला होता बिचारा. एवढं बोलणं होईपर्यंत त्यांची तीन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती.

“आईची पेटी आता कुठे आहे?” तिने विचारलं.

“इथे. टेबलावर.”

“एखादी वाचा ना.”

मास्तरांनी झाकण उघडलं, चष्मा लावला, हाताला आली ती चिठ्ठी काढली. शब्द ‘लागणे’. “‘संध्याकाळी या घरात माझं मन लागत नाही हो.’ वय एकेचाळीस, स्वयंपाकघर.” पलीकडून ठमी किंचित हसल्यासारखी झाली, आईचा हेल मास्तरांच्या वाचण्यात आपसूक आला होता. तिने विचारलं, मागे काय लिहिलंय?

मास्तरांनी चिठ्ठी उलटली. “श्रोता हं म्हणाला.”

“अजून एक.”

शब्द ‘उतरणे’. “‘तुमचं तोंड का उतरलंय? कचेरीत काही झालं का?’ श्रोता काही नाही म्हणाला.” मग ‘काढणे’. “‘कधीतरी दोन दिवस काढा, कुठेतरी जाऊ या.’ श्रोत्याने बघू म्हटलं. गेले नाहीत.” मास्तर वाचत होते आणि एकेक चिठ्ठी उलटताना त्यांचा आवाज बारीक होत होता. तीनशे अकरा वाक्यांना श्रोता एकच होता. पुढची बाजू त्यांना तोंडपाठ होती. मागची त्यांनी लिहिली तेव्हापासून कधी वाचलीच नव्हती. थोरल्यांचा नियम, प्रामाणिकपणे पाळलेला, त्यांच्याच वळणदार अक्षरात: हं म्हणाला. उत्तर नाही. मान हलवली. लिहीत राहिला.

पुरे करू का, असं त्यांनी विचारलं. ठमी म्हणाली, एक वाचा अजून.

शब्द ‘बसणे’. तारीख शेवटच्या वर्षातली, बायको अंथरुणाला खिळल्यानंतरची. “‘जरा बसा ना माझ्याजवळ.’” मास्तर थांबले.

“मागे?”

“श्रोता बसला नाही,” मास्तरांनी वाचलं. “उभ्याने ही चिठ्ठी लिहिली.”

मग ठमीने विचारलं, “ही खरी आहे?”

“खरी आहे,” मास्तर म्हणाले. “तुझी तेवढी सोडून बाकी सगळ्या खऱ्या आहेत.” आणि ते रडायला लागले. बायको गेली तेव्हा ते रडले नव्हते. तेव्हा घरात माणसं होती आणि माणसं बोलत होती आणि मास्तरांचा हात खिशात होता.

ठमीने रडू नका म्हटलं नाही. दुकानात कोणीतरी दार वाजवलं, ती आलेच म्हणाली, पण गेली नाही.

“बाबा, तुम्ही आत्ता उभे आहात का?”

“हो.”

“बसा आधी.”

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. खुर्चीवर कचेरीची पिशवी होती. ते पलंगापाशी गेले आणि बायकोची भिंतीकडची बाजू मोकळी ठेवून कडेला बसले. बसलो, असं त्यांनी तिला सांगितलं. तिने फोन ठेवला नाही.